उतरवलेली मुखपृष्ठं

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो पन्नास-साठच्या दशकांतल्या मराठी मुखपृष्ठांचा. या विषयासाठी माणूस साधारण गिरगावात जातो, सदाशिव पेठेत जातो, जुन्या प्रकाशकांच्या वारसांना भेटतो. मी चंद्रपूर-गडचिरोलीकडे निघालो, कारण मला चित्रकारापेक्षा वाचकाकडून सुरुवात करायची होती. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराने रंगवलेलं चित्र मुंबईत छापलं गेलं, पुस्तकावर चढलं आणि मग जंगलातल्या तालुक्याच्या गावी पोचलं. तिथे त्याचं काय झालं, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नव्हतं.

तिथे पोचल्यावर उत्तर पहिल्याच वाचनालयात मिळालं. चित्र तिथे नव्हतंच.

कपाटासमोर

लोखंडी कपाट, जाळीची दारं, वर पांढऱ्या रंगात 'कादंबरी'. आत ओळीने एकाच अंगाची पुस्तकं उभी. पाठीला काळं किंवा लाल कापड, बाजूंना अबरी कागद, कण्यावर चिकटवलेली चिठ्ठी आणि तिच्यावर शाईने लिहिलेला दाखल क्रमांक. खांडेकर, फडके, माडखोलकर, व्यंकटेश माडगूळकर, रणजित देसाई, सगळे एकाच गणवेशात. आतल्या पानावर गोल शिक्का, चंद्रपूर जिल्ह्याचं नाव चांदा असतानाचा. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. तो झाला 26 ऑगस्ट 1982 रोजी.

पुस्तक उघडलं की शीर्षकपानामागे बारीक टायपात एक ओळ दिसते, 'मुखपृष्ठ : दीनानाथ दलाल'. ओळ शाबूत आहे, मुखपृष्ठ मात्र नाही. हे मला पुस्तकामागून पुस्तकात दिसत गेलं. त्या ओळी वाचताना हुरहूर लागली, कारण नाव तेवढं उरलेलं आणि ज्या कामासाठी ते छापलं ते काम गेलेलं.

ग्रंथपालताईंनी कारण सांगितलं, त्यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता. पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जातं, सायकलच्या कॅरिअरला लागतं, पावसात भिजतं. जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावरच्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, आत दुमडलेल्या पट्ट्या पहिल्या फाटतात. मग कुणीतरी चिकटपट्टी लावतं, ती पिवळी पडते, तिच्या कडेने कागद तुटतो. वर्ष-दोन वर्षांत पुस्तक बांधणीला काढावं लागतं. काही वाचनालयांत तर नवं पुस्तक कपाटात जाण्याआधीच बायंडरकडे जायचं. पुस्तक टिकवायचं असेल तर हेच शहाणपण होतं. दहा वाचकांनंतर गळून पडणारं सुंदर पुस्तक आणि शंभर वाचकांपर्यंत पोचणारं ओबडधोबड पुस्तक यांत छोट्या वाचनालयाने दुसरं निवडलं. मला ती निवड चुकीची वाटत नाही. तिची किंमत मात्र चित्राने मोजली.

खळ, दोरा, पुठ्ठा

बांधणीचं काम करणारे काका बाजाराच्या गल्लीत बसतात. आता बहुतेक काम लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या हजेरीपटांचं. वाचनालयांची गठ्ठ्यांनी येणारी पुस्तकं कमी झाली. तरी हात विसरलेला नाही. मी विचारलं, जॅकेट ठेवून बांधणी होत नाही का? ते म्हणाले, "कव्हर निघतेच जी. चिकना कागद खळ धरत नाही."

मग त्यांनी करूनच दाखवलं. आधी जुना पुठ्ठा सोडवायचा. कण्यावरचा वाळलेला सरस ओला करून खरवडायचा. जुजं, म्हणजे घडीच्या पानांचे गठ्ठे, सुटी करायची, फाटलेल्या घड्यांना आतून पातळ कागदाची पट्टी लावायची. कडेने आरीने भोकं पाडून सुईदोऱ्याने शिवण घालायची. नवा पुठ्ठा, पाठीला कापड, मग अबरी. शेवटी तीन कडा कापायच्या. मैद्याच्या खळीत मोरचूद टाकायचा, म्हणजे कसर आणि झुरळं लांब राहतात. या सगळ्यात जॅकेटला जागाच नाही. ते आर्ट पेपरवर छापलेलं. चकचकीत थरामुळे खळ आत मुरत नाही, आणि ओल लागली की त्याच थराची पापुद्री निघून शाईसकट बोटाला चिकटते. कडा कापल्यावर पुस्तक थोडं लहान होतं, त्यामुळे वाचलेलं जॅकेटही पुन्हा नीट बसत नाही.

उतरवलेल्या कव्हरांचं काय व्हायचं? काका सहज म्हणाले, पोरांच्या वह्यांना लागायची. काही त्यांनी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला अस्तर म्हणून वापरली. हे ऐकून मी वाचनालयात परत गेलो आणि ढिल्या झालेल्या बांधण्यांच्या आत डोकावलो. एका पुस्तकात खरंच सापडलं. अस्तराचा कागद एका कोपऱ्यात सुटला होता आणि त्याखाली एका बाईचा अर्धा चेहरा, मोठा टपोरा डोळा, कानातलं झुलतं डूल, मागे विटकरी रंगाचा सपाट पट्टा. सही दिसत नव्हती, म्हणून ते कुणाचं हे मी सांगणार नाही. रंग मात्र ताजे होते. अंधारात दाबून राहिल्यामुळे ते उडाले नव्हते.

चित्र कसं तयार व्हायचं

हे रंग इतके सपाट, इतके ठाम का असतात, हे समजायला त्या काळची छपाई समजावी लागते. आज चित्रकार पडद्यावर लाखो छटा वापरतो. 1950 साली प्रत्येक रंगासाठी जस्ताचा वेगळा ठसा लागायचा. रेषेच्या चित्राला लाइन ब्लॉक, छायाप्रकाशाच्या चित्राला बारीक ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक. ब्लॉकचा दर चौरस इंचावर. म्हणजे रंग वाढला की ठसा वाढला, ठसा वाढला की खर्च वाढला, आणि प्रत्येक कागद यंत्रातून तितक्या वेळा काढावा लागला. प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरायचा.

प्रकाशक दोन किंवा तीन रंगांवर थांबायचा, आणि चित्रकाराची खरी बुद्धी तिथे दिसायची. पिवळ्यावर निळा पडला की हिरवा मिळतो, म्हणजे दोन ठशांत तीन रंग. कागदाचा पांढरा सोडला की चौथा. साडीचा काठ, चंद्र, दिव्याची ज्योत ही कोऱ्या कागदातून काढायची. शीर्षकाची अक्षरंही बहुधा हातानेच. मोठ्या आकाराचे देवनागरी खिळे थोडे आणि ठरावीक वळणाचे असत, म्हणून चित्रकार शीर्षक रंगवूनच द्यायचा. अक्षर आणि चित्र एका हातातून आल्यामुळे त्या मुखपृष्ठांना जो एकजीवपणा आहे तो आजच्या बऱ्याच चांगल्या मुखपृष्ठांनाही नाही, असं माझं मत आहे. पुढे अक्षररेखनाची स्वतंत्र ओळख कमल शेडग्यांनी करून दिली. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षकं लोक चित्रासारखी बघत.

या कलेचं मोठं नाव दीनानाथ दलाल. जन्म 1916, मडगाव. मुंबईत त्यांनी दलाल आर्ट स्टुडिओ काढला आणि 1945 मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला. पाश्चात्त्य पद्धतीचं शरीररेखाटन त्यांच्या हाताला पक्कं होतं, पण मुखपृष्ठावर येताना ते अजिंठ्याची आणि लघुचित्रांची लयदार रेषा घेऊन यायचे. सपाट रंगाची मोठी क्षेत्रं, त्यांना बांधणारी एक जाड-बारीक होत जाणारी रेषा. ही शैली ब्लॉकच्या छपाईला नेमकी मानवली. 'मृत्युंजय' ही कादंबरी 1967 साली आली तेव्हा तिचं मुखपृष्ठ त्यांचंच होतं. 1971 च्या जानेवारीत ते गेले, पंचावन्नही पुरी झाली नव्हती.

दुसरे रघुवीर मुळगावकर, तेही गोव्याचे, 1918 चे. त्यांचा हात वेगळा. फवाऱ्याने रंग उडवून त्वचेला आणलेला मऊ उजाळा, चांदणं, देवदेवतांची कॅलेंडरं. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर त्यांनी काढलेल्या चित्रांनी त्या छोट्या स्वस्त पुस्तकांना रेल्वेच्या ठेल्यावरून हातात यायला लावलं. तिसरी वाट वसंत सरवट्यांची, ज्यांच्या रेषेत माणूस हसायचाही आणि विचारही करायचा. 1964 मध्ये निघालेल्या 'ललित' मासिकाच्या दिवाळी अंकांची त्यांची मुखपृष्ठं जुन्या वाचकांच्या अजून डोळ्यांपुढे आहेत. आणि विदर्भाच्या वाचकाने आठवावेत ते द. ग. गोडसे. सावनेर-नागपूरला शिकलेले, पुढे लंडनच्या स्लेड स्कूलमध्ये गेलेले, चित्रकार, नेपथ्यकार आणि 'पोत'सारखं पुस्तक लिहिणारे कलाचिंतक. पुस्तकाचं बाह्यरूप ही सजावट नसून आतल्या मजकुराचं भाष्य असतं, ही समज मराठीत रुजवणाऱ्यांत ते होते.

बांबूचा प्रवास

चित्राइतकाच त्याखालचा कागदही बघायला हवा. बल्लारशा, म्हणजे बल्लारपूरच्या स्टेशनवर उतरलं की वाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी कधी एक उग्र, उकडलेल्या कोबीसारखा वास येतो. कागद कारखान्यात लगदा शिजवतात त्याचा. 1945 मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूर पेपर मिलमुळे हे गाव देशभरच्या वह्यांच्या कव्हरांवर पोचलं. कारखाना इथे उभा राहिला तो पाणी, कोळसा, रेल्वे आणि बांबू यांच्यामुळे. वर्धा नदी जवळ, खाणी जवळ, आणि पूर्वेला आलापल्ली-भामरागडपर्यंत पसरलेलं मानवेल बांबूचं बन.

बांबूचे तुकडे रसायनात दाबाखाली शिजवले की तंतूंना धरून ठेवणारा लिग्निन सुटतो आणि तंतू मोकळे होतात. बांबूचा तंतू निलगिरीपेक्षा लांब, म्हणून कागद घडीवर लवकर तुटत नाही. पण त्या काळात कागदाला शाई फुटू नये म्हणून राळ आणि तुरटी घालत. तुरटीने कागद आम्लधर्मी होतो, वर्षांनुवर्षं हळूहळू स्वतःलाच खातो, पिवळा पडतो आणि शेवटी बोटात चुरतो. 1950-60 ची पुस्तकं आज हातात घेताना जी भीती वाटते ती यामुळे. चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो, लगेच पाठोपाठ धोधो पावसाळा. कोरडं तापणं आणि मग ओल, हा फेरा आम्लधर्मी कागदाला फार वाईट.

या भागाचं आणि पुस्तकाचं नातं एकतर्फी राहिलं. बांबू तोडणारा बहुधा गोंड किंवा माडिया मजूर. त्याला मिळायची बंडलामागे मजुरी. बांबू कारखान्याला कराराने, अगदी नाममात्र दराने जायचा. त्याच मजुराला झोपडीच्या कुडासाठी बांबू आणायचा तर वनखात्याची परवानगी लागायची. कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं. ती व्याख्या 2017 मध्ये बदलली, तीही वनक्षेत्राबाहेरच्या बांबूपुरती. जंगलातल्या बांबूचा हक्क मिळाला तो 2006 च्या वनहक्क कायद्याने. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. मुखपृष्ठांवरच्या लेखात हे कशासाठी, असं कुणी विचारेल. मला ते बाजूला ठेवता येत नाही. पुस्तकाच्या सौंदर्याबद्दल बोलताना कागद कुठून आला आणि कुणाच्या घामातून आला हे सोडून दिलं तर आपण वस्तूची फक्त दर्शनी बाजू बघत राहतो.

वाघाची कातडी

त्या काळच्या मराठी मुखपृष्ठांवर जंगल फारसं खरं उतरलं नाही. शिकारकथांवर वाघ जबडा उघडून अंगावर येणारा. मागे कुठल्याही देशातलं चालेल असं दाट हिरवं रान. चित्रकार मुंबईत बसलेले, जंगल छायाचित्रांतून पाहिलेलं. इथलं रान तसं नाही. एप्रिलमध्ये मोहाखालची जमीन झाडून साफ केलेली, सागाची पानं गळून उजेड थेट खाली आलेला, करड्या-तपकिरी खोडांत तेंदूची कोवळी तांबूस पालवी. दोन ठशांत हे सुंदर छापता आलं असतं.

जंगलाचं पुस्तक कसं सजवावं याचा धडा बंगालीत आहे. सत्यजित राय चित्रपटाकडे वळण्याआधी कोलकात्याच्या सिग्नेट प्रेसची मुखपृष्ठं करत. जिम कॉर्बेटच्या 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं'च्या बंगाली अनुवादासाठी त्यांनी पूर्ण जॅकेट म्हणजे वाघाची कातडी केली. पिवळ्यावर काळे पट्टे, समोरच्या बाजूला गोळी शिरल्याचं भोक आणि त्या भोकात पुस्तकाचं नाव. मलपृष्ठावर गोळी बाहेर पडल्याचं भोक, आणि ते मोठं, कारण गोळी बाहेर पडताना जखम मोठी होते. वाघ नाही, शिकारी नाही, झाड नाही. पुस्तक हातात उलटलं की गोष्ट घडते. पुढून-मागून एकच वस्तू आहे हे ओळखून केलेलं असं जॅकेट मला दुसरं माहीत नाही. 1955 मध्ये याच चांदा जिल्ह्यात ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं. त्या वाघांच्या जिल्ह्यातल्या वाचनालयात असं जॅकेट आलं असतं तर? बांधणीत तेही उतरलं असतं, आणि सगळी गोष्ट हरवली असती.

अशा चित्रासाठी लागणारी दृष्टी या मातीत नव्हती असं अजिबात नाही. चंद्रपूरच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा असे दरवाजे आहेत आणि त्यांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, हत्तीवर मात करणारा सिंह. दगडातली ती आकृती दुरून एका नजरेत वाचता येते. कडा ठाम, तपशील मोजका, वजन खाली, हालचाल वर. मुखपृष्ठाकडून आपण नेमकी हीच अपेक्षा करतो. जटपुऱ्याच्या रहदारीत उभा राहून मी ते बराच वेळ बघत होतो. दलालांना हे दाखवायला हवं होतं असं वाटत राहिलं.

वडशाची रंगीत भिंत

जॅकेटची कला या भागात कुठे जिवंत असेल तर ती वडशाला, म्हणजे देसाईगंजला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथे रस्त्याच्या दुतर्फा आहेत. दिवाळी झाली, भाऊबीज झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्रभर नाटक चालतं. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. गावातून माणसं येतात, मंडळीकडे नाटक ठरवतात, तारीख घेतात, इसार देतात. कार्यालयाच्या दर्शनी भागावर नाटकांचे फलक. कुठलं नाटक न्यायचं याची पहिली पारख त्या फलकांवर होते. या रंगभूमीची दखल देशाने घेतली आहे. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

फलक आता फ्लेक्सचे. पण रचना बघा. मध्ये नायिकेचा मोठा चेहरा, डोळ्यांत पाणी. खाली कोपऱ्यात म्हातारा बाप. वर शीर्षक, सावली दिलेल्या जाड अक्षरांत, एक शब्द तिरका आणि लाल. मुळगावकरांनी रहस्यकथांसाठी केलेल्या मुखपृष्ठांची, कॅलेंडरांची, सिनेमाच्या पोस्टरांची आठवण करून देणारी ही मांडणी. एका कार्यालयातल्या जुन्या जाणत्या दादांनी सांगितलं की आधी हे सगळं पेंटर हाताने करायचे. पेंटर नाटकाची गोष्ट ऐकून घ्यायचा. "त्याले पुरा खेळ सांगा लागे. रडायचा पर्वेस कोनता, थे पयले विचारे." हे ऐकून मला फार बरं वाटलं. पुस्तक न वाचता मुखपृष्ठ करणारे चित्रकार मी मोठ्या शहरांत पाहिलेत. संपूर्ण खेळ ऐकल्याशिवाय ब्रशला हात न लावणारा वडशाचा पेंटर या परंपरेत अगदी वरच्या ओळीत बसतो.

काय वाचवता येईल

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात 1830 सालच्या 'फ्रेंडशिप्स ऑफरिंग' या वार्षिकाचं कागदी वेष्टन 2009 मध्ये उजेडात आलं. ज्ञात वेष्टनांतल्या अगदी जुन्यांपैकी ते एक. भेट द्यायच्या वार्षिकाचं ते कव्हर, म्हणजे आपल्या दिवाळी अंकाचं दूरचं नातलगच. ते पुस्तकापासून सुटं होऊन वेगळं पडून राहिलं होतं आणि पुष्कळ काळ त्याची कुणाला ओळख नव्हती. पुस्तकापासून सुटं ठेवलं तरी ते टिकू शकतं, एवढं त्यावरून कळतं.

चंद्रपूरला 1979 आणि 2012 अशी दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलनं झाली. दोन्ही वेळा इथल्या वाचनालयांत नव्या पुस्तकांची भर पडली असणार, आणि गेल्या चाळीस वर्षांतली बहुतेक पुस्तकं कागदी बांधणीची. त्यांचं मुखपृष्ठ पुस्तकालाच चिकटलेलं. बांधणीच्या वेळी तेही काढून फेकलं जातं. म्हणजे जे दलालांचं झालं ते सुभाष अवचटांचं आणि आजच्या तरुण चित्रकारांचंही होत राहणार.

एका गावातल्या ग्रंथपालांशी मी हे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच हिशेब मांडला. बायंडरला सांगायचं की कव्हर कोरडंच सोडव, ओलं करू नको. मागे शिसपेन्सिलीने दाखल क्रमांक लिहायचा, पेनाने नाही, शाई पुढे उतरते. टेप लावायची नाही. घडी न घालता सपाट ठेवायचं, मध्ये कोरा कागद, वरून जाड पुठ्ठा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, पावसाळ्यात आत घाम धरतो. मोबाइलवर पुढची, मागची आणि कण्याची बाजू टिपायची. जॅकेटच्या आतल्या पट्ट्याही टिपायच्या, कारण पुस्तकाची ओळख आणि मूळ किंमत तिथेच असते.

"जागा?" मी विचारलं.

त्यांनी नकाशे ठेवायचं जुनं लाकडी कपाट दाखवलं. रुंद, उथळ खण, वर्षानुवर्षं न उघडलेले. त्यात शाळा तपासणीचे जुने नमुने भरले होते. समितीच्या पुढच्या सभेत ते रद्दीला काढायचा ठराव मांडतो, म्हणाले. मग खण ओढून त्याची आतली लांबी-रुंदी वितीने मोजली, शेजारचं एक पुस्तक उचलून त्याचं कव्हर उघडं पसरलं आणि दोन्ही बाजूंना किती जागा उरते ते बघू लागले.